मतभेद, मोकळे मन आणि प्राथमिक शिक्षक
(खांब परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढील व्याख्यान)



पेण सोडून दक्षिणेकडे निघालेला मुंबई-गोवा महामार्ग नागोठण्यानंतर खांब गाठतो आणि कोलाड, माणगाव ओलांडून महाडास पोहोचतो. रायगड जिल्ह्यातील या एका रस्त्याच्या आगेमागे महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातील दोन मोठी स्थाने आहेत. उत्तरेस पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मग्राम, आणि दक्षिणेस महाडचे चवदार तळे. दोन्ही स्थानांच्या कथा शाळाशाळांतून जयंती-पुण्यतिथीच्या दिवशी सांगितल्या जातात, फळ्यावर रंगीत खडूने नावे लिहिली जातात, हार घातले जातात. परंतु या दोन कथांत शिक्षकाच्या रोजच्या कामाशी जडलेला जो एक धडा आहे, तो बहुधा सांगावयाचा राहून जातो. आपल्याहून निराळे मत बाळगणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याचा तो धडा होय.

विषय साधा दिसतो. ‘सर्वांच्या मताचा आदर करावा’ हे वाक्य इयत्ता चौथीचा विद्यार्थीही परिपाठात म्हणून दाखवील. अडचण वाक्यात नाही, आचरणात आहे. वर्गात एखाद्या मुलाने ‘गुरुजी, मला तसे वाटत नाही’ असे म्हटले म्हणजे कपाळाला जी आठी पडते, तेथे त्या वाक्याची परीक्षा होते. म्हणून मोकळे मन म्हणजे नेमके काय, ते कोणी आधी दाखवावयाचे आणि शाळेत ते कसे रुजवावयाचे, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

मोकळे मन म्हणजे काय

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. मोकळे मन म्हणजे स्वतःचे मत नसणे नव्हे. वारा येईल तिकडे झुकणाऱ्या माणसाला कोणी उदार म्हणत नाही. ‘तुमचेही खरे, त्याचेही खरे’ असे म्हणून प्रसंग टाळणे यालाही औदार्य म्हणता येणार नाही. तो आळस आहे, आणि पुष्कळदा भीरुता आहे. ज्याला स्वतःचे ठाम मत आहे, त्याच्याच बाबतीत मन मोकळे आहे की बंद, हा प्रश्न उद्भवतो.

या बाबतीत भारतीय परंपरेने एक उत्तम शिस्त घालून दिलेली आहे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय आहे ते ठरविण्यासाठी दोघांनी मिळून केलेली चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे तेवढे खोडून काढणे म्हणजे वितंडा. मराठी माणसाने यांतील ‘वितंडवाद’ हा शब्द नेमका बोलीत जपून ठेवला आणि ‘वाद’ या शब्दाला भांडणाचा अर्थ चिकटविला, ही भाषेची एक गंमतच म्हणावी लागेल. वस्तुतः वाद हा मानाचा शब्द आहे.

या वादाची पहिली पायरी म्हणजे पूर्वपक्ष. आपला सिद्धान्त सांगण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावयाचे, तेही त्याच्या सर्व बळानिशी आणि त्याच्याच युक्तिवादांसह. जुन्या भाष्यग्रंथांत पूर्वपक्ष कित्येकदा इतक्या समर्थपणे मांडलेला आढळतो, की असावध वाचकाला तेच ग्रंथकाराचे मत वाटावे. त्यानंतर उत्तरपक्ष येतो. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडणे आणि मग त्यास पाडणे, यात पुरुषार्थ मानला जात नसे.

मोकळ्या मनाची याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे. ज्याचे मत आपणास पटत नाही, त्याचे म्हणणे आपल्या तोंडून ऐकून त्याने स्वतः ‘होय, मला हेच म्हणावयाचे आहे’ अशी मान डोलावली पाहिजे. तेथपर्यंत पोहोचलेला माणूस मग खुशाल विरोध करो, त्याचा विरोध नीतीचा ठरेल. तेथपर्यंत न पोहोचता केलेला विरोध हा आपण मनात उभ्या केलेल्या बुजगावण्याशी केलेला विरोध होय.

ही कसोटी थोरामोठ्यांनाही सोपी गेलेली नाही. टिळक आणि आगरकर हे दोघेही शिक्षक. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी अल्प वेतनावर एकत्र काम केले, आणि १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या प्रश्नावर दोघांचे बिनसले. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. लेखणीयुद्धात कटुता आली. सनातनी विरोधकांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. एका ध्येयासाठी घरसंसाराची पर्वा न करणाऱ्या दोन मित्रांत असे अंतर पडावे, यावरून मतभेदाचे मनभेदात रूपांतर किती सहज होते हे ध्यानी येते. तथापि १८९५ साली आगरकर निवर्तले तेव्हा त्यांचा मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला, आणि १९१५ साली गोपाळ कृष्ण गोखले वारले तेव्हा आयुष्यभर त्यांच्या मवाळ राजकारणाशी झगडलेल्या टिळकांनी त्यांच्या चितेपाशी उभे राहून त्यांचा गौरव केला. मृत्यूने जे दाखविले ते हयातीत दिसावे, एवढ्यासाठीच शिक्षणाची आवश्यकता आहे.

महाडची कथा

आता महाडकडे वळू. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावान्वये मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत असे ठरविले, आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांस खुले केले. ठराव झाला, परंतु पाण्याला हात लावण्याची सोय झाली नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि परिषदेहून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शांत राहावयास सांगितले आणि ते शांत राहिले.

येथवरची कथा बहुतेकांस ठाऊक असते. पुढची तितकी ठाऊक नसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करावयाचे ठरले. त्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. अट मात्र अशी घातली, की सत्याग्रहात एकाही ब्राह्मणाने भाग घेऊ नये. संख्येच्या दृष्टीने हा पाठिंबा मोलाचा होता. बाबासाहेबांनी ती अट अमान्य केली. त्यांचा विरोध उच्चनीचतेच्या वृत्तीशी होता, कोणाच्या जन्माशी नव्हता. ज्या समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला, त्या समाजातील प्रत्येक माणूस शत्रूच असला पाहिजे, असे मानण्याचे त्यांनी नाकारले.

हा निर्णय योग्य होता हे महाडनेच दाखविले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण समाजातील मंडळी या लढ्यात बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती देणारे फत्तेखान हे मुसलमान होते. माणसाची जात पाहून त्याचे मत गृहीत धरले असते, तर ही माणसे लढ्यास मुकली असती आणि लढाही त्यांना मुकला असता.

त्याच परिषदेत आणखी एक प्रसंग घडला. विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. हुकूम मोडून तळ्यावर जावे असा पुष्कळ प्रतिनिधींचा आग्रह होता. परिषदेत दोन्ही बाजूंची भाषणे झाली, आणि अखेरीस सत्याग्रह तहकूब करून न्यायालयात लढावयाचे ठरले. तो लढा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांस खुले असल्याचा निकाल दिला.

या कथेतून एक गोष्ट विशेष रीतीने ध्यानी घ्यावयाची आहे. महाडात मन मोकळे करण्याची खरी जबाबदारी कोणाची होती? तळ्यावर ज्यांचा ताबा होता त्यांची. ती त्यांनी टाळली. आणि ज्यांच्यापाशी सत्ता नव्हती, त्यांनी मात्र मनाचा मोकळेपणा दाखविला. इतिहासात असे वारंवार घडते. दुर्बलाला सहिष्णुतेचा उपदेश केला जातो आणि बलवान त्यातून सुटतो. वास्तविक न्याय याच्या उलट आहे. ज्याच्या हाती अधिकार, त्याने आधी ऐकावयाचे.

पुढे अधिकार हाती आल्यावर बाबासाहेबांनी हेच केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत समारोपाचे भाषण करताना त्यांनी ज्या सभासदांनी मसुद्यावर सतत आक्षेप घेतले, त्यांचे नावे घेऊन आभार मानले. ह. वि. कामथ, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू इत्यादी नावे त्यांत होती. त्यांचे सर्व म्हणणे आपणास मान्य झाले नाही, परंतु त्यांच्या आक्षेपांमुळेच संविधानामागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. मसुदा समितीच्या अध्यक्षाने विरोधकांचे ऋण मानावे, हे दृश्य प्रत्येक शिक्षकाने मनाशी जपून ठेवण्यासारखे आहे.

गागोद्याच्या सुपुत्राचा मार्ग

विनोबांचा जन्म १८९५ सालचा. १९५१ च्या मार्चमध्ये ते पवनारहून पायी निघून हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलनास गेले. तेलंगणात त्या काळी साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखाली जमीनदारांविरुद्ध सशस्त्र उठाव चालला होता. खेड्यांत रात्री बंडखोरांची भीती आणि दिवसा पोलिसांची. विनोबा अहिंसेचे उपासक, आणि साम्यवाद्यांची वाट शस्त्रांची. दोघांत सांधा जुळण्याजोगे काही नव्हते. तरीही तेलंगणाच्या खेड्यांकडे निघण्यापूर्वी विनोबा हैदराबादच्या तुरुंगात गेले आणि तेथे बंदिवासात असलेल्या साम्यवादी कार्यकर्त्यांस भेटून त्यांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले.

त्यांचा मार्ग विनोबांना पटला नाही. परंतु त्यांचा प्रश्न खरा आहे, हे त्यांनी ओळखले. भूमिहीनाला जमीन नाही, ही गोष्ट बंदूक हाती घेणाऱ्याने सांगितली म्हणून खोटी ठरत नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमिनीची मागणी केली. विनोबांनी ती गावापुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तेथे झाला. पुढे त्या चळवळीत मिळालेल्या जमिनीपैकी बरीच जमीन वाटपाविना राहिली, काही नापीक निघाली, आणि चळवळीवर टीकाही पुष्कळ झाली. ती टीकाही ऐकावयास हवी. येथे घ्यावयाचे ते एवढेच, की प्रतिपक्षाचा मार्ग आणि प्रतिपक्षाचा प्रश्न यांची फारकत करता आली पाहिजे. मार्ग अमान्य असूनही प्रश्न खरा असू शकतो. हा विवेक ज्याला साधला, त्याला शत्रूकडूनही शिकता येते.

वर्गातील पूर्वपक्ष

या दोन्ही कथा फार मोठ्या माणसांच्या आहेत. खेड्यातील दोनशिक्षकी शाळेत त्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग अगदी पहिल्या तासापासून आहे.

गणिताचा तास घ्या. ५२ वजा १७ या उदाहरणाचे उत्तर एक मुलगी ४५ लिहिते. शिक्षक लाल पेन्सिलीने फुली मारतात आणि पुढे जातात. दुसऱ्या दिवशी ती तशीच चुकते. मग ‘हिला गणितात गती नाही’ असा निवाडा होतो. परंतु शिक्षकांनी जवळ बसून ‘हे कसे काढलेस?’ एवढे विचारले असते, तर कळले असते की तिने एकंस्थानी ७ मधून २ वजा केले आणि दशकस्थानी ५ मधून १. ‘मोठ्यातून लहान वजा करावयाचे असते’ असे तिला कधीतरी शिकविलेले आहे. तो नियम ती प्रामाणिकपणे पाळीत आहे. तिच्या चुकीमागे एक मत आहे, आणि त्या मतामागे तर्क आहे. तो पूर्वपक्ष ऐकल्यावाचून उत्तरपक्ष शिकविता येत नाही. मग एक दशक सुटा करून काड्यांच्या साहाय्याने दाखविले, की ती स्वतःच ३५ वर येते. मोकळे मन ही केवळ नीतीची बाब नसून अध्यापनपद्धतीचीही बाब आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भाषेच्या तासालाही हेच. कातकरी वाडीवरचे मूल घरची बोली घेऊन येते, आगरी घरातील मूल आपले उच्चार घेऊन येते. ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसला आणि शिक्षकही हसले, तर ते मूल त्या दिवशी शुद्ध बोलावयास शिकत नाही. ते गप्प बसावयास शिकते. ‘तुझ्या घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात, दोन्ही तुला आले पाहिजे’ असे सांगितल्याने प्रमाण भाषेचे काहीच उणे होत नाही.

वरच्या इयत्तांत महिन्यातून एखादी बालसभा घ्यावी. विषय मुलांच्या आवाक्यातले असावेत: सहल किल्ल्यावर न्यावी की समुद्रकाठी, खेळाचा तास सकाळी असावा की दुपारी, शाळेच्या बागेत फुलझाडे लावावीत की भाजीपाला. प्रत्येक मुलाने बोलण्यापूर्वी आधीच्या वक्त्याचे म्हणणे एका वाक्यात सांगावे आणि त्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच स्वतःचे बोलावे. दुसऱ्या फेरीत बाजू बदलाव्यात. भाजीपाल्याच्या बाजूने बोललेल्याने फुलझाडांची बाजू मांडावी. आरंभी मुले हसतील, अडखळतील. दोन-चार सभांनंतर विरोधी बाजूची कारणे शोधण्याची त्यांना गोडी लागेल. या सभेत जिंकणाऱ्यास बक्षीस देऊ नये. द्यावयाचेच तर दुसऱ्याचे म्हणणे सर्वांत नीट सांगणाऱ्यास द्यावे.

पालकांचे म्हणणे

खरी कसोटी मात्र शाळेच्या फाटकाबाहेर लागते. या जिल्ह्यात दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची मुले हजेरीपटावरून गळतात. कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहिले जातात: ‘पालक उदासीन’. रकाना भरतो आणि मूल शाळेबाहेर राहते.

हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी पूर्वपक्ष ऐकला गेला आहे काय? शिक्षक वाडीवर जाऊन ओटीवर बसले आणि बोलू लागले, तर पुढील हिशेब ऐकावयास मिळतो. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी भट्टीवर जाणे भाग आहे. नवराबायको दोघेही कामावर जातात, तेव्हा धाकट्या मुलाला सांभाळावयास थोरली मुलगी लागते. मागे ठेवावे तर म्हातारी आजी आजारी आहे, तिलाच कोणी रांधून वाढणारे नाही. ज्याला उदासीनता म्हटले, तो असा पै-पैचा आणि माणसामाणसाचा हिशेब असतो. त्यात शाळेविषयी तिरस्कार नाही. शाळेला या हिशेबात जागा करून देणारा कोणी भेटलेला नसतो.

हे कळले म्हणजे शिक्षकाचे काम बदलते. उपदेश थांबतो आणि उपाय सुरू होतो. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर, म्हणजे कुटुंबे जाण्यापूर्वी, पाठविता येतो. शिक्षण हमी पत्रक मुलाच्या हाती देऊन भट्टीजवळच्या शाळेत त्याची सोय लावता येते. थोरल्या मुलीच्या कडेवरच्या भावंडाला अंगणवाडीत बसविता येते. पालकांचे म्हणणे मान्य करावयाचे असे नाही. मूल शाळेत आलेच पाहिजे, हा शिक्षकाचा सिद्धान्त ठाम राहावा. परंतु तो सिद्धान्त सिद्धीस जावयाचा असेल, तर वाट पालकांच्या हिशेबातूनच जाते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरविले ते याचसाठी. ही समिती इतिवृत्तावर अंगठे आणि सह्या गोळा करण्यासाठी नाही. वाडीवरची माता-पालक सभेत एक शब्द बोलली नाही, तर ती सभा अपुरी झाली असे शिक्षकाने समजावे. ती का बोलली नाही, हे शोधणे हे त्याच्याच कर्तव्यात येते.

गावकी-भावकीचे तंटे, निवडणुकीचे पक्ष, देवस्थानाचे वाद यांनी खेडे दुभंगलेले असते. दोन बाजूंची मुले एकाच बाकावर बसतात. शिक्षकास नागरिक म्हणून स्वतःचे मत असणारच. परंतु कोणत्याही मुलाला ‘गुरुजी आमच्या बापाच्या विरुद्ध आहेत’ असे वाटता कामा नये. ज्या दिवशी असे वाटले, त्या दिवसापासून त्या मुलाच्या मनाची कवाडे बंद झाली.

मर्यादा कोठे

मोकळेपणाला मर्यादा आहेत काय? निश्चित आहेत, आणि त्या स्पष्ट असाव्यात. अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने नष्ट केलेली आहे. ‘तेही एक मत आहे’ असे म्हणून पोषण आहाराच्या पंगतीत कोणास वेगळे बसविता येणार नाही. मुलास मारणे, मुलीचे बालवयात लग्न लावणे, हे मतभेदाचे विषय नाहीत. दुसऱ्याच्या माणूसपणावर घाव घालणाऱ्या कृतीस थांबविलेच पाहिजे. मात्र कृती थांबविताना ती करणाऱ्या माणसाशी बोलण्याचे दार उघडे ठेवता येते, हे महाडने शिकविले आहे.

दुसरी मर्यादा वस्तुस्थितीची. आवडनिवड आणि मूल्ये यांत मते अनेक असतील, परंतु वस्तुस्थिती बहुमताने ठरत नाही. तेथेही ऐकण्याचे महत्त्व कमी होत नाही, हे याच जिल्ह्यातील एका वैद्याने दाखविले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे दगावत होती. रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी लक्षणांच्या नोंदी केल्या, आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातील माणसाचे दुःख त्यांनी खरे मानले, आणि त्यावरचा इलाज मात्र निरीक्षणाने ठरविला. मंत्राने विष उतरते असे म्हणणाऱ्या आजीशी बोलताना शिक्षकाने हेच धोरण ठेवावे. तिची नातवाविषयीची भीती खरी आहे, ती ऐकावी. आणि नातवाला दवाखान्यात न्यावे.

अधिकाऱ्यांविषयी दोन शब्द

ज्याच्या हाती अधिकार त्याने आधी ऐकावयाचे, हे सूत्र वर सांगितले. ते शिक्षकापाशी थांबत नाही. वर्गात शिक्षक बलवान असतो, तपासणीच्या दिवशी तपासनीस अधिकारी बलवान असतो. शाळाभेटीस गेलेल्या अधिकाऱ्याने शेरेबुकात लिहिण्यापूर्वी शिक्षकाचे म्हणणे ऐकले पाहिजे. पट का घसरला, एका इयत्तेचे वाचन का मागे पडले, याचा शिक्षकाने दिलेला खुलासा शेऱ्याच्या आधी नोंदविला जावा. ज्या शिक्षकाचे म्हणणे कोणी ऐकत नाही, त्याच्याकडून मुलांचे ऐकण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शाळेतील मोकळेपणा वरून खाली पाझरतो, डोंगरावरच्या पाण्यासारखा. वरचा झरा आटला तर खालची विहीर भरत नाही.

प्राथमिक शाळेतील मूल मोठेपणी कोणत्या मताचे होईल, हे शिक्षकाच्या हाती नाही, आणि नसावे. ते मत ते कसे बाळगील, हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबणे, ते आपल्या शब्दांत नीट सांगता येणे आणि मग निर्भयपणे आपले म्हणणे मांडणे, या तीन सवयी घेऊन चौथीचा वर्ग बाहेर पडला, तर गावाच्या पुढच्या पिढीतील कितीतरी तंटे चावडीपर्यंत जाण्यापूर्वीच मिटतील.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात ज्या मुलांच्या नावापुढे ‘पालक उदासीन’ अशी नोंद झाली, त्यांपैकी किती पालकांशी शिक्षकाचे प्रत्यक्ष बोलणे झाले होते? एका पालकाचे म्हणणे त्याच्या शब्दांत लिहून आणावे.

२. विद्यार्थ्यांच्या वहीतील एक चूक निवडून, ती करण्यामागे त्याचा तर्क काय होता हे त्याच्याशी बोलून शोधावे व सहकाऱ्यांस सांगावे.

३. शाळा व्यवस्थापन समितीच्या मागील सभेत कोण बोलले नाही? का?

४. ज्या शैक्षणिक प्रश्नावर दोन सहकाऱ्यांचे एकमत नाही, असा प्रश्न घेऊन प्रत्येकाने पाच मिनिटे दुसऱ्याची बाजू मांडावी. ती योग्य मांडली गेली की नाही, हे ज्याची बाजू आहे त्याने सांगावे.